चुकलेला खिळा

जर्मनीहून आलेल्या आमच्या पणज्यांनी ब्राझीलचं जंगल तोडता तोडता जर्मन भाषेत 'तालबोटे' नावाचा पेपर काढला. त्याचे जुने अंक गोळा करायचं मला वेड आहे. सगळे मिळाले, फक्त १९२९ चा एक राहिला होता. तो ओटीलिया काकूंकडे होता आणि म्हातारी सात वर्षं मला दाद देत नव्हती.

त्या दिवशी कोण जाणे कशी विरघळली. "डोळ्यांनी वाच, लाउरो. तोंडाने नाही. तुझी टकळी मला माहीत आहे."

"बरं बाई," मी म्हटलं.

टेबलावर दोन ताटं मांडली होती. मागच्या अंगणात कोणीतरी लाकडं फोडत होतं.

"कोण आहे?"

"बाल्दुइनो. जेवणाआधी थोडी फोडतो."

असेल एखादा नातू, म्हणून मी अंक उघडला. चौथ्या पानावर काळ्या चौकटीत मयताची बातमी होती: झाड अंगावर पडून वारले, वय चोवीस, मागे पत्नी ओटीलिया. नाव, बाल्दुइनो कोडे.

आता काकूंचं आडनाव रोडे. त्या जुन्या टोकेरी जर्मन लिपीत 'के' आणि 'आर' जुळ्या भावांसारखे दिसतात, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने भलताच खिळा उचलला होता. असली चूक सापडली की मी माझा राहत नाही.

"अहो काकू, गाढवपणा बघा. कोडे नाही, बाल्दुइनो रोडे पाहिजे होतं. बाल्दुइनो रोडे, वय चोवीस..."

अंगणातली कुऱ्हाड थांबली.

आणि मग मला आठवलं. आठवायला नको होतं असं आजही वाटतं. आमच्याकडे माणूस गेला की पेपरातली बातमी त्याच्या घरात पूर्ण नावानिशी मोठ्याने वाचतात. तोवर तो घर सोडत नाही म्हणतात, म्हणून त्याचं ताट मांडतात, वाचली की उचलतात.

"पाद्रीबाबांनी छापलं होतं तसंच वाचलं," काकू म्हणाल्या. "कोडे. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी हा जेवायला आला."

मी मागच्या दाराकडे धावलो. अंगणात कोणी नव्हतं. ओंडका अर्धा फुटलेला होता, कुऱ्हाड त्यातच रुतली होती. दांड्याला हात लावला, तो अजून गरम होता.

आत आलो तेव्हा काकूंनी दुसरं ताट उचललं होतं. त्या ते फडक्याने पुसत होत्या, कोरडंच होतं तरी.

"काकू, मला माफ करा. मी मूर्ख आहे."

"आहेसच," त्या म्हणाल्या. अंकाची नीट घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "घेऊन जा. आता तो लपवून ठेवायचं कारण उरलं नाही."