चित्रासारखं नाही

लॉर्नानं चिमटा आडवा धरला, मर्लच्या मानेवरची गोचीड कातडीलगत पकडली आणि सरळ वर ओढली. खसखशीच्या दाण्याएवढा जीव, पण पाय झाडत होता.

"गेली?"

"गेली. हलू नकोस, स्पिरिट लावते."

"दर शनिवारी माझी मान धरल्याशिवाय तुला चैन पडत नाही, लॉर्ना. शाळेत असताना धरली असतीस तर माझं कल्याण झालं असतं."

"तेव्हा तू आंघोळ कुठे करायचास?"

कचऱ्याच्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या दोन बायका खो खो हसल्या. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात चर्च चुकवणारे पुष्कळ होते, पण शनिवारी सकाळी कचरा डेपो कुणी चुकवत नसे. म्हणून गावची आरोग्यसेविका लॉर्ना पेल्की नऊ वर्षं आपलं घडीचं टेबल डेपोच्या फाटकाशीच मांडायची. डेपो सांभाळायचा मर्ल, त्यामुळे सावलीची जागा तिला हक्कानं मिळायची.

टेबलामागच्या फळीवर तिचं चित्र होतं. गोऱ्या दंडावर लाल ठिपका, भोवती पांढरं कडं, त्याबाहेर पुन्हा लाल कडं, नेमबाजीच्या निशाणासारखं. खाली ठळक अक्षरांत, 'असं दिसलं की लॉर्नाला फोन करा.' गोचिडीतून होणारा लाइम हा आजार वेळीच पकडला तर गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर सांधे, मेंदू, हृदय, कशालाही धरतो, हे तिनं गावाच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. चित्र तर चारशे घरांत फ्रिजवर होतं. बहुतेक घरांत तिनं स्वतः लावलेलं.

आणि तरी पालथ्या घड्यावर पाणी. पँट मोज्यात खोचा म्हटलं की लोक हसत, आणि तासाभरानं चड्डीवर गवत कापताना दिसत. लॉर्ना कंटाळली होती. एकसष्ट वर्षांचे तिचे गुडघे सकाळी दहालाच बोलू लागत. पुढच्या वर्षी हे टेबल दुसऱ्या कुणी मांडावं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

मर्ल खोक्यावर बसला तो बसूनच राहिला. "दोन दिवस अंग मोडून आलंय बघ."

"कुठे कडं उठलंय का?" तिनं गोचीड टाकलेल्या छोट्या पिशवीवर तारीख लिहिता लिहिता विचारलं.

"नाही गं बाई. तुझ्या चित्रातलं काही नाही."

"मग उन्हात कमी उभा राहा."

तेवढ्यात रांगेतली एक बाई म्हणाली, "एव्हरेट बीलचं कळलं का? काल लाकडं रचताना कोसळला. पोस्टमननं पाहिलं म्हणून निभावलं. नाडी म्हणे बत्तीसवर आलेली. हॉस्पिटलवाले म्हणतात लाइम आहे, हृदयापर्यंत गेलाय."

लॉर्नाच्या हातातलं पेन थांबलं. "एव्हरेट? त्यांना काय ठाऊक नव्हतं? माझ्या हातांनी फ्रिजवर कागद लावलाय त्यांच्या!"

"म्हातारी माणसं दडवतात गं," मर्ल म्हणाला.

"दडवतात, आणि मग आम्ही निस्तरायचं." तिनं चिमटा ताटलीत आपटला. राग तर आलाच होता, पण त्याच्याखाली रडूही होतं, आणि चारचौघांत रडायची तिची तयारी नव्हती.

दुपारी एव्हरेटच्या मुलीचा ओहायोहून फोन आला. ती सोमवारपर्यंत पोचत होती. तोवर कोंबड्यांना दाणे घालशील का, आणि बाबांचा चष्मा तेवढा नेऊन देशील का?

कोंबड्यांचं आटोपून लॉर्ना स्वयंपाकघरात शिरली. एव्हरेटनं तीस वर्षं बंदरावर भरती-ओहोटी मोजायची नोकरी केली होती, आणि घरही तसंच होतं, जिथली वस्तू तिथे. चष्मा खिडकीत होता. खुर्चीच्या पाठीला एक काठी टेकवलेली होती आणि तिच्या टोकाला सुतळीनं घट्ट बांधलेला दाढीचा आरसा. हे काय, म्हणून तिनं उचलून पाहिलं, आणि मग तिला समजलं. 'पाठ आणि मांड्यांची मागची बाजू घरच्या माणसाकडून तपासून घ्या,' असं तिच्या कागदावर लिहिलं होतं. एव्हरेटची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

फ्रिजवर तिचा कागद होता. त्याच्या शेजारी रेघा मारलेला दुसरा, बारीक अक्षरात पेन्सिलीनं भरलेला. एक मेपासून रोजची नोंद. 'तपासलं. काही नाही.' 'तपासलं. काही नाही.' मग:

'१४ जून. डाव्या मांडीमागे लाल. अंड्याएवढं. मध्ये पांढरं नाही. चित्रासारखं नाही.'

'१७ जून. तळहाताएवढं. सगळं एकसारखं लाल. कडं नाही. चित्रासारखं नाही.'

'२१ जून. अंगात कणकण. कडं अजून नाही. आणखी दोन दिवस वाट पाहतो.'

'२९ जून. गेलं. लॉर्नाला उगाच त्रास दिला नाही ते बरं झालं.'

लॉर्ना खुर्चीवर बसली. सगळ्या गावात एकच माणूस तिचं ऐकून डोळ्यांत तेल घालून अंग तपासत होता.

तिला माहीत नव्हतं असंही नाही. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बहुतेकांना कडं उठतच नाही, नुसता लाल चट्टा पसरत जातो. पण नुसता लाल चट्टा कुणाच्या लक्षात राहतो? निशाण राहतं. म्हणून तिनं निशाण छापलं, आणि बाकीचं तळाशी दोन बारीक ओळींत. त्या ओळींवर एव्हरेटचं लॉबस्टरच्या आकाराचं चुंबक बसलं होतं.

हॉस्पिटलात एव्हरेट उशीला टेकून बसला होता. हाताला सलाइन, छातीला तारा. डॉक्टरांनी नाडी सावरली होती.

"आलीस पोरी? चुकलंच माझं," तिला पाहताच तो म्हणाला. "मध्ये पांढरं असणार. मलाच दिसलं नसेल. आरशातून बघायचं, त्यात हे डोळे."

तिनं चष्मा त्याच्या हातात दिला. नुसतं 'आराम करा' म्हणून निघता आलं असतं. तो जन्मभर स्वतःच्याच डोळ्यांना दोष देत बसला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं.

"पांढरं नव्हतंच, एव्हरेट. पुष्कळांना नसतं. चित्र माझं अपुरं होतं, आणि ते मला ठाऊक होतं."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी लिहिलं ते बरोबर होतं," तो म्हणाला.

"अगदी बरोबर होतं."

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. लॉर्नाला वाटलं, यानं चार शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मंगळवारी गाव जागं व्हायच्या आधीच ती डेपोच्या फाटकाशी हजर झाली. मंगळवारी तिचं टेबल नसायचं, पण शनिवारची वाट बघवेना. फळीवरचं चित्र तिनं काढून टाकलं. तिथे एव्हरेटला विचारून आणलेली त्याची नोंद लावली, आणि खाली हातानं लिहिलं, 'कडं नसलं तरी या. कुठलाही लाल चट्टा पसरत असेल तर या. जुना कागद माझ्याकडे परत द्या. चूक माझी आहे.' शेजारी एक रिकामं खोकं ठेवलं.

मर्ल आतल्या खोपटातून बाहेर आला. त्यानं फळी वाचली, खोक्यात डोकावला.

"काय गं, रोगानं यंदा नवं चित्र काढलं की काय?"

"चित्र माझंच चुकलं होतं."

"हे असं सगळ्या गावासमोर टांगणार? लोक फाडून खातील तुला. मीच पहिला."

"खा."

मर्लनं पुन्हा फळीकडे वळून ओठ हलवत एकेक ओळ वाचली. तळहाताएवढं, सगळं एकसारखं लाल, या ओळीशी तो थांबला. मग इकडेतिकडे कुणी नाही असं पाहून त्यानं शर्ट कमरेपासून वर केला आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

"हे बुधवारपासून आहे," तो म्हणाला. "बायको म्हणाली, चित्रासारखं नाही."

लॉर्नानं चष्मा कपाळावरून खाली ओढला. शनिवारी हा माणूस अंग मोडून आलंय म्हणाला होता, आणि तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. चट्टा पसरतोय का ते कळावं म्हणून तिनं त्याच्या कडेनं पेनानं रेघ ओढली, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि शर्ट नीट खाली केला.

"गाडीत बस. क्लिनिक आठला उघडतं."

"आत्ता? आणि डेपो कोण बघणार?"

"कचरा कुठे पळून जातोय, मर्ल? बस."