सिस्टरच्या बाजूचा प्लग

रविवारी सकाळी किर्ती टेबलावर ड्रॉइंग पसरून बसली होती. विमानांमध्ये फेरबदल करणाऱ्या एका कंपनीत ती इलेक्ट्रिकल आणि एव्हिऑनिक्स इंजिनिअर होती. या वेळचं काम तिला मनापासून आवडलं होतं. एका छोट्या विमानातल्या चार खुर्च्या काढून तिथे स्ट्रेचर बसवायचं, विमानाची रुग्णवाहिका करायची. व्हेंटिलेटरला आणि मॉनिटरला वीज किती लागेल, वायरी कुठून न्यायच्या, हे सगळं तिच्याकडे होतं.

तिच्या सासूबाई, अंबिका, परळच्या एका हॉस्पिटलात चौतीस वर्षं सिस्टर होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी नाक्यावर भाजी घेताना कोणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारायचंच. मटार सोलता सोलता त्या ड्रॉइंगवर वाकल्या.

"पेशंट हा?"

"हो. डोकं इकडे."

"आणि सिस्टर बसतली खंय?"

किर्तीने बोट ठेवलं. सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "मग प्लग पलीकडच्या भिंतीवर कशाला? पेशंटच्या अंगावरून हात न्यावा लागेल तिला."

"तिथे वायर जवळ पडते, आई. डॉक्टरांनी पाहिलंय हे."

"डॉक्टर प्लग लावत नाहीत गो."

किर्तीला राहवेना. भिंतीकडच्या दिवाणावर तिचा नवरा राजेश पेपर वाचत पडला होता. त्याला तिने तसंच सरळ झोपायला सांगितलं, मोजून भिंतीवर प्लगच्या जागी टेप चिकटवली आणि दिवाणालगत खुर्ची ठेवली. आई बसल्या. विमान हलत असताना सिस्टरला पट्टा सोडता येणार नाही, म्हणून किर्तीने ओढणीने त्यांना खुर्चीला बांधलं.

आईंनी हात लांब केला. कोपर राजेशच्या नाकावर आलं आणि बोटं टेपच्या वीतभर अलीकडेच थांबली.

"माझी नळी निघाली," राजेश म्हणाला.

"गप पड. तू बेशुद्ध आहेस," आई म्हणाल्या.

किर्ती हसली, मग तिने बोटांपासून टेपपर्यंतचं अंतर मोजलं. विजेचा हिशेब तिने तीनदा तपासला होता. त्या खुर्चीत मात्र ती एकदाही बसली नव्हती.

सोमवारी ती तिच्या साहेबांकडे, हितेंद्र सरांकडे गेली.

"अगं, ड्रॉइंग मंजुरीला गेलंय," सर म्हणाले. "आता प्लग हलवायचा म्हणजे वायर फ्लोअरखालून न्यायची. तिथे विमानाच्या कंट्रोलच्या केबली आहेत."

"त्यांच्यापासून अंतर राखून वाट निघते, सर. मी बघितलीय."

"कस्टमरची तक्रार नाही. मग हे सुचवलं कोणी?"

"सासूबाईंनी," ती म्हणाली, आणि घाईने पुढे, "आयसीयूत सिस्टर होत्या त्या."

सर उठून तिच्यासोबत हँगरमध्ये आले, विमानात चढले, खुर्चीत बसून पट्टा लावला आणि त्यांनी भिंतीकडे हात नेऊन पाहिला. तो पोचला नाही. ड्रॉइंग परत मागवण्याचं पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं.

नवं ड्रॉइंग करायला किर्तीला बारा दिवस लागले. वायरीची लांबी वाढली, वजन वाढलं, हिशेब पुन्हा मांडावा लागला. त्या दिवसांत आईंनी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मंजुरी आली, प्लग खुर्चीच्या बाजूला बसला, आणि सरांनी आईंसाठी हँगरचा एका दिवसाचा पास काढून घेतला.

आई इस्त्रीची साडी नेसून आल्या. शिडी चढून खुर्चीत बसल्या, पट्टा आवळला. स्ट्रेचरवर एक पुतळा झोपवला होता. त्याच्यावरची नजर न हलवता त्यांनी हात खाली नेला आणि मॉनिटरची पिन प्लगमध्ये लावली. मॉनिटर सुरू झाला. त्यांनी पिन काढली, पुन्हा लावली.

"बरं केलंस गो," त्या म्हणाल्या आणि किर्तीच्या पाठीवरून हात फिरवला.

मग त्यांनी स्ट्रेचरखाली वाकून पाहिलं, मागचं कपाट उघडून पाहिलं.

"आणि बेडपॅन खंय ठेवूचा?"

किर्तीने सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातून पेन काढलं.