नववी गुंज

मित्रांनो, मी एक रंगीत मण्यांची माळ आहे. पाच वर्षांची झाले, म्हणजे आमच्यात म्हातारीच. मला कात्रीची भीती वाटत नाही. मला माझीच भीती वाटते.

धुळ्याच्या नूरबी चाचींनी मला ओवले. काचेचे मणी, लाकडाचे मणी आणि मधे मधे नऊ गुंजा. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका. तापल्या सुईने त्यांनी प्रत्येक गुंजेला भोक पाडले. गुंज विषारी असते हे त्यांना ठाऊक होते. "पण गळ्यातली वस्तू, खातंय कोण?" म्हणून त्या हसल्या.

प्रज्ञाने कॉलेजातल्या 'हिप्पी डे'साठी मला घेतले. लांब झगा, कपाळाला पट्टी आणि गळ्यात मी. तिची आजी द्रौपदाबाई म्हणाली, "काय व, आज पोळा शे का?" घर हसले. कॉलेजात मात्र माझे फार कौतुक झाले. नंतर मी खिळ्यावर धूळ खात राहिले.

गेल्या उन्हाळ्यात प्रज्ञाची दीड वर्षाची भाची छकुली आली. "हिप्पी लोक प्रेमाने अशी माळ दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे," असे म्हणत प्रज्ञाने मला छकुलीच्या गळ्यात घातले आणि ती चहा आणायला आत गेली. छकुलीने मला तोंडात धरून ओढले. जुना दोरा तटकन तुटला. मणी फरशीभर उधळले.

मला ओरडायचे होते, पण तोंड कुठे होते?

"अगं माय, गुंजा! विख शे ते! वेच बठ्ठ्या, एक बी सोडू नको!" आजी किंचाळली.

आठ सापडल्या. प्रज्ञाने चाचींना फोन लावला. "चाची, गुंजा किती होत्या?"

"नऊ. बेटा, भोक पाडलंय, आतलं विष मोकळं आहे. शोधत बसू नको, दवाखान्यात पळ!"

वेचलेली मी प्रज्ञाच्या ओढणीच्या गाठीत होते. रिक्षाभर आजीचे एकच चालले होते, "पोटमा गई का व ती?"

डॉक्टरांनी छकुलीची आवळलेली मूठ उघडली. नववी गुंज घामाने तळहाताला चिकटली होती. तिच्यावर दाताचा ओरखडाही नव्हता. तरी दोन दिवस त्यांनी छकुलीला नजरेखाली ठेवले.

मग चाची घरी आल्या. त्यांनी माझ्या गुंजा काढून लाकडाचे मणी ओवले. "अशा बारा विकल्या मी," त्या म्हणाल्या. दारोदार फिरून त्यांनी माझ्यासह नऊ माळा शोधल्या. तीन अजून सापडलेल्या नाहीत.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर खिळ्याकडे एकदा पाहा. लाल, काळ्या ठिपक्याच्या गुंजांची माळ दिसली तर हात न लावता मोठ्यांना सांगा. त्या तिघी माझ्या बहिणी आहेत. त्यांनाही तोंड नाही.