पहिला इंच नसलेली टेप

शहरातले प्राणी-पक्षी टिपून नकाशावर चढवणाऱ्या आमच्या गटात माझ्या चौदा नोंदी होत्या आणि चौदाही नामंजूर. तपासणारे माझे भावोजी, ताईचे यजमान, निवृत्त शाळा तपासनीस. प्रत्येक नोंदीखाली एकच शेरा: ‘पुरावा अपुरा.’ माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पाटीमागे घरटं केलेला बुलबुलही त्यांना अपुरा वाटला. एकही नोंद मंजूर होईना म्हणून मी नुसती धुमसत होते.

शेवटी मी दुकानाच्या मागच्या पायरीवर खडूची पूड भुरभुरवली. सकाळी त्यात पंजाचा ठसा उमटलेला. शेजारी टेप धरून फोटो काढला, प्राण्याच्या नावापुढे ‘माहीत नाही’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुपारी भावोजींचा फोन. “अगं, अडीच इंचांचा पंजा! उदमांजर आहे हे. मंजूर!”

मी बाही बेतत होते, कात्री हातातच राहिली. माझ्या टेपचं पितळी टोक कधीच निघालंय. धागे सुटायला लागले म्हणून पहिला इंच मी कापूनच टाकला होता. आकडा वाचायचा आणि एक वजा करायचा, याची हाताला इतकी सवय की कुणाला सांगायचं सुचलंच नाही. फोटोत कापलेली बाजू माझ्या अंगठ्याखाली. पंजा खरा दीड इंचाचा, म्हणजे सरळसरळ मांजर!

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ‘मंजूर’ हा शब्द इतका गोड लागला की मी दोन दिवस मूग गिळून बसले.

रविवारी सकाळी अख्खा गट दुकानामागे हजर. दुर्बिणी, कॅमेरे, ताईसुद्धा. भावोजींचं व्याख्यान रंगात आलेलं. गटप्रमुख ग्रंथपालबाई नकाशावर ‘शहरातलं पहिलं उदमांजर’ टिपायला लागल्या, तेव्हा मात्र मी गळ्यातली टेप हातात घेतली. माझी एकुलती एक मंजूर नोंद, आणि तीच खोटी!

“थांबा,” म्हणत मी टेप पुढे केली. “ही एकापासून सुरू होते. मांजर आहे ते.”

“मला शिकवतेस?” भावोजी कडाडले. “इथे मांजर फिरकतसुद्धा नाही!”

तेवढ्यात एक गलेलठ्ठ बोका भिंतीवरून उतरला, सगळ्यांना वळसा घालून थेट भावोजींकडे गेला आणि मागच्या पायांवर उभं राहून त्यांचा खिसा हुंगू लागला. खिशातून बिस्किटाचा तुकडा पडला.

“अच्छा,” ताई म्हणाली, “रोज सकाळी फिरायला जाता ते हे होय!” घरात मांजराचं नावही काढायचं नाही, अशी तंबी तिनेच दिलेली.

ग्रंथपालबाईंनी हसू दाबत नोंद खोडली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मग त्या म्हणाल्या, “स्वतःची मंजूर नोंद स्वतः खोडायला लावणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. उद्यापासून तपासणी तुमच्याकडे.”

सोमवारी पहिलीच नोंद भावोजींची: बुलबुल, शिलाईच्या दुकानाची पाटी. फोटो झकास होता. मी शेरा मारला, ‘पुरावा पुरेसा. पण नोंद क्रमांक नऊ पाहावी.’ ती माझी, याच बुलबुलाची. आपली नोंद आपणच तपासायची नाही हा गटाचा नियम, म्हणून ती मी भावोजींकडेच पाठवली.

दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘मंजूर. नवी टेप घे.’