कप्प्यातल्या कप्प्यात राहिलेला पाण्याचा आलेख

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. हातातले टाळ घटकाभर खाली ठेवा, मी तुम्हाला माझी गोष्ट सांगतो. मी एक जुना आलेख आहे. सारंगखेड्याच्या एका विहिरीचे पाणी वर्षभर कसे चढते-उतरते, ते दाखवणारी साधी रेघ.

मला घडवले कॉलेजच्या स्टीफन सरांनी. दोरीला दगड बांधून ते मुलांसोबत पाणी मोजत. वर्गात माझे केवढे कौतुक झाले! मग सरांनी मला संगणकातल्या एका फाईलमध्ये, 'विहिरी' या कप्प्यातल्या 'सारंगखेडा' या कप्प्यात, 'पाणी' असे नाव देऊन ठेवले. पुढे सर देवाघरी गेले. मी तिथेच पडून राहिलो.

परवा त्यांची विद्यार्थिनी भाविका हिने ती फाईल उघडली. तिच्या वडिलांना, अमृतभाईंना, केळीची रोपे मागवायची होती. सगळ्या वावरात लावावी की अर्ध्या? वैशाखात याच विहिरीने दगा दिला, तर बाग उभी वाळणार.

भाविकाने हाक मारली, 'पाणी'. संगणक म्हणाला, असे इथे काही नाही. मी आतून ऐकत होतो हो, पण ओ देता येईना! कीर्तनात बुवा सांगतात, देवाला नुसते नाव पुरते. आम्हा गरिबांना पत्ताही लागतो. मग तिने कप्पे पाहिले आणि पुरती हाक मारली, 'विहिरी, सारंगखेडा, पाणी'. मी झटकन पुढे आलो.

आणि तिने लगेच फाईल बंद केली! धान्याच्या कोठीचे झाकण उघडे टाकायचे नाही, ही घरची शिस्त. पण फाईल मिटली की आतला मीही मिटतो. पडदा कोरा झाला.

"काय व्हयनं वं?" आजी तापीबाईंनी विचारले.

"फाईल बंद करी, नि आलेखच गया!"

"झाकन लावं ना? मंग चांगलंच करं." आजीने शाबासकी दिली.

भाविका एकदम हसली. "आजी, दाना भायेर काढाच नही, नि झाकन लाई दिनं मी!"

तिने फाईल पुन्हा उघडली, माझी वेगळी प्रत बाहेर काढली आणि मगच झाकण लावले. मी पडद्यावर तसाच राहिलो.

अमृतभाईंनी माझ्या तळाला टेकलेल्या उतारावर बोट ठेवले. "वैशाखमा पानी पार तयले जास. अर्धाच वावरमा केळी लावूत."

मित्रांनो, वस्तू ठेवाल ती नाव देऊन, जागेवर ठेवा. आणि आज आरतीनंतर हात जोडाल, तेव्हा विहिरीच्या काठावर दोरी धरून वाकलेल्या स्टीफन सरांना एकदा आठवा.