बाटलीवर वाजवलेला चमचा

"वहिनी, त्या प्राणी-केंद्रातलं अस्वलाचं पिल्लू दरवर्षी लहानच कसं असतं, एवढं फक्त विचारून ये," नणंद फोनवर म्हणाली होती. ती जनावरांची डॉक्टर. तिला सगळीकडे रोगच दिसतो, असं म्हणून मी हसले आणि लेकीची टोपी शोधायला लागले.

त्या प्राणी-केंद्रात लेकीने पिल्लाला मांडीवर घेऊन दूध पाजलं. तिथले काका बाटलीवर चमचा वाजवायचे. टिंग टिंग झालं की पिल्लू लुटुलुटु धावत यायचं. त्याच्या डाव्या कानाला खाच होती. लेकीने त्याचं नाव ठेवलं ढब्बू.

"जंगलात एकटं सापडलं," काका म्हणाले. "तुमच्यासारखी माणसं येतात, म्हणून जगतंय." माझे डोळे भरून आले.

घरी आल्यावर लेक मुंगीवरसुद्धा पाय पडू देईना. इमारतीतली पोरं गोळा करून तिने ढब्बूसाठी दारोदार जुने टॉवेल मागितले. मी नणंदेला मुद्दाम फोटो पाठवले. तिने नुसता अंगठा पाठवला.

पुढच्या सुट्टीत टॉवेलांचं गाठोडं घेऊन आम्ही परत गेलो. काकांनी लेकीच्या मांडीत पिल्लू ठेवलं. तेवढंच छोटं. दोन्ही कान धड.

"हा ढब्बू नाही," लेक म्हणाली.

"ढब्बूच की. तू मोठी झालीस, म्हणून तुला लहान वाटतोय."

"मग कानाची खाच कुठे गेली?"

"भरली."

लेकीने चमचा उचलून बाटलीवर वाजवला. मांडीवरचं पिल्लू ढिम्म. पण दुधाच्या खोलीमागे पत्र्यावर काहीतरी जड येऊन आदळलं. तिने पुन्हा वाजवला. पुन्हा आदळलं, आणि पाठोपाठ हुंकार आला. दूध दिसल्यावर ढब्बू काढायचा तसाच, फक्त जाडा.

"आई, तो तिथे आहे."

काकांनी हळूच चमचा काढून घेतला. "गोदाम आहे ते, ताई. चला पुढे, लोक खोळंबलेत." माझ्याकडे बघणं मात्र त्यांनी टाळलं.

घरी येऊन फोन केला, तर नणंद "सांगितलं होतं ना" असं म्हणाली नाही. म्हणाली, "मोठं झालं की मांडीत मावत नाही. बाटलीवर वाढलेलं जंगलात सोडता येत नाही. मग जातं मागे."

जंगल खात्यात फोन केला. "डोळ्यांनी पाहिलंत का, बाई?" नाही, ऐकलं. "ऐकलेल्याची तक्रार कशी लिहून घेऊ?"

नवरा म्हणतो, "सोड ना. निदान पोरीला प्राण्यांची माया तरी लागली." ते खोटं नाही, तिथेच तर माझं तोंड बंद होतं. खालच्या मजल्यावरची शेजारीण आमच्याच पोरीचं ऐकून तिथे जाऊन आली. मागे डोकावायला सांगितलं होतं मी. "अगं, राहूनच गेलं," म्हणाली. "आमच्या सोन्याच्या मांडीवर इतकं गोड बसलं होतं, हलवेना." आता तिची पोरंही टॉवेल मागत फिरतात. आमचं बुकिंग मात्र केंद्रवाले घेत नाहीत.

लेक दुधाच्या पेल्यावर चमचा वाजवते आणि कान देऊन बसते. दूध गार होतं.

तुम्हीही कधीतरी जालच, पोरांना घेऊन. गेलात तर दुधाच्या खोलीच्या मागे जरा वळा. चमचा घरून न्या, तिथला कोणी देणार नाही. कशावरही वाजवा. आतून उत्तर येतंय का, एवढं मला कळवा.