दोन चौथऱ्यांमधली जागा

"नव्या चौथऱ्यावर घे," सरपंच परशुराम म्हणाला.

"जुन्यावर," पालिकेचा कारकून अनिमेष खुर्चीतूनच म्हणाला.

हातातला ओंडका घेऊन सहदेव तसाच उभा राहिला. हौसाबाईंची तिरडी स्मशानाच्या फाटकात थांबली होती.

डोंबिवलीच्या कडेला रस्त्याच्या अलीकडे गाव, पलीकडे टॉवर. टॉवरची घरपट्टी पालिकेला जायची. तिथली मयतं मात्र ग्रामपंचायतीच्या स्मशानात यायची. त्या घरपट्टीतला वाटा द्या, असं गावाचं म्हणणं. आधी किती येतात ते दाखवा, असं पालिकेचं. एकमेकांच्या आकड्यांवर कोणाचाच विश्वास नव्हता. शेवटी ठरलं, तीन महिने गावकऱ्यांना जुना चौथरा, टॉवरवाल्यांना नवा, आणि दोन्हींवर कॅमेरे. तरी पालिकेने मयतं मोजायला अनिमेषला बसवलं. तो काय करतो ते बघायला सरपंच येऊन बसू लागला. स्मशान सांभाळणारा सहदेव मूळचा साताऱ्याकडचा, वर्षानुवर्षं मागच्या खोलीत राहणारा. तो लाकूड आणायला वळला तरी दोघं वाकून बघत.

हौसाबाई गावच्या. जमीन विकल्यावर मुलाबरोबर, पोपटबरोबर, टॉवरमध्ये राहायला गेल्या होत्या.

"टॉवरात राहायची ना? मग बाहेरची," सरपंच म्हणाला.

"उभा जन्म गावात गेला. मतदान अजून गावात. गावच्याच त्या," अनिमेष म्हणाला.

पोपटच्या हातात मडकं होतं. "परशा, तुझ्या हळदीला रात्रभर भाकऱ्या थापल्या तिने. ती बाहेरची? आणि ह्या साहेबाने तिला कधी बघितली पण नाय, तो बोलतो गावची!"

"मनाला लावून घेऊ नको रे. एक मयत इकडचं तिकडे झालं तरी गावाचा वाटा कमी होतो. तुझ्याच गावाचा."

"तुझी आई घोडबंदरला ताईकडे असते ना? तिचा चौथरा पण आत्ताच ठरवून ठेव."

मागे कोणीतरी खोकलं. सरपंच सहदेवकडे वळला.

"सहदेव, पगार कोण देतं ते ध्यानात ठेव."

सहदेव चालू लागला. दोन चौथऱ्यांच्या मधे मोकळी जमीन होती. तिथे त्याने ओंडका ठेवला.

"पोपटभाऊ, चौथरे नव्हते तेव्हा तुमच्या वडलांना इथंच अग्नी दिलेला."

पोपट मडकं घेऊन त्या जागेशी आला. "रच," तो म्हणाला.

माणसं न सांगता लाकडं वाहू लागली.

त्या दिवशी दोन्ही कॅमेऱ्यांत एकही चिता दिसली नाही. अनिमेषने ऑफिसला फोन करून सांगितलं, स्मशानातला माणूस सरपंचाने फिरवलाय. सरपंचाने सहदेवला बाजूला घेतलं. "पालिकेवाल्यांनी किती दिले? खरं बोल."

सहदेव नळाखाली हात धूत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोपट राख सावडायला आला, तेव्हा फाटकात वायरमन उभा होता. मोकळ्या जागेवर तिसरा कॅमेरा लावायचा होता. कोणी पाठवलं, हे सहदेवने विचारलं नाही.

"यांचं होऊ दे," तो म्हणाला.

वायरमनने चपला काढल्या. पोपट राख भरत होता, तोवर तो शिडी खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.